विहिरीवरचा माड

तोआकाई माडावरून पडला त्याला सात महिने झाले होते, आणि या सात महिन्यांत ‘हात कसा आहे?’ असं त्याला विचारलं नाही असं माणूस गावात उरलं नव्हतं. एवढ्याशा बेटावर लोकांना दुसरा उद्योग तरी काय? विहिरीवर, चर्चच्या दारात, होडी वाळूवर ओढताना, जो तो विचारायचा. तोआकाईचं उत्तर ठरलेलं असायचं, “आता काय, पंधरा दिवसांत चढतो.” त्याचे हे पंधरा दिवस कधी संपतच नव्हते.

पडला तेव्हा उजवा दंड अगदी खांद्यापाशी मोडला होता आणि सांधाही निखळला होता. हाडं बसवणारी म्हातारी नेई तिएबा, म्हणजे तिएबाबाई, आली, तिने खोबरेल चोळून सांधा जागेवर आणला, दंडाला झावळीच्या दांड्याच्या कामट्या बांधल्या. तिच्या हाताला जेवढं येत होतं तेवढं तिने केलं. दोन महिन्यांनी राजधानीच्या बेटावर, तारावाला, जाणारं जहाज आलं. तिथल्या डॉक्टरने हाडाचा फोटो खिडकीच्या उजेडात धरून दाखवला आणि सरळ सांगितलं, “हाड जुळलंय, पण वाकडं जुळलंय. हात खांद्याच्या वर जाणार नाही. माडावर चढायचं आता विसरा.” तोआकाईने मान डोलावली, परतीचं जहाज पकडलं आणि घरी येऊन सांगितलं, “डॉक्टर म्हणाला, थोडा आराम करा, मग चढा.”

हे खोटं त्याने इतक्या जणांना सांगितलं की शेवटी त्याचं त्यालाच ते पटलं.

त्याचा दोष म्हणावा तर आहे, आणि नाहीही. त्याचे चार माड होते, बापाकडून आलेले. रोज सकाळ-संध्याकाळ चढायचं, शेंड्यात बसून पोयीचं, म्हणजे न उमललेल्या फुलोऱ्याचं, तोंड पातळ तासायचं, भरलेली करवंटी काढायची, रिकामी लावायची. त्या नीरेवर गावातली तान्ही मुलं वाढायची, आजाऱ्यांना ताकद यायची, आणि उरलेली आटवून बायका काकवी करायच्या. तोआकाई हे काम बारा वर्षांचा होता तेव्हापासून करत होता आणि आता त्याला सत्तेचाळीसावं लागलं होतं. माडावर न चढणारा पुरुष तिथे एक तर म्हातारा असतो, नाही तर पाद्री. तोआकाई दोन्ही नव्हता. तो घरात बायकांबरोबर काथ्या वळत बसायचा, आणि एका हाताने धड तोही वळला जायचा नाही.

त्याचे माड सध्या त्याचा मेहुणा बाउरो काढत होता. बाउरोने काम वाईट केलं असतं तर तोआकाईला जरा बरं वाटलं असतं. पण पोरगा चांगला निघाला. पोय हळुवार तासायचा, करवंट्या घासूनपुसून लख्ख ठेवायचा, आणि विहिरीवरच्या माडाची नीरा तर तोआकाईच्या वेळेपेक्षा जास्त भरायला लागली होती. हे मात्र तोआकाईला काही केल्या गिळवत नव्हतं.

त्या गुरुवारी बाउरो दारात आला. उत्तरेच्या गावात त्याच्या बायकोची मावशी वारली होती.

“दाजी, दोन दिवस मी नाही. काउतूला सांगितलंय, तो चढेल.”

“काउतू? तो पोय तासतो का लाकडं फोडतो?”

“मग कोण चढणार, तुम्ही?” बाउरो हसला. त्याच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, त्याला दाजींची थट्टा करायची सवयच होती. “आधी आपल्या हाताने सदरा घालून दाखवा, मग माड.”

बाउरो वाटेला लागला तसा तोआकाई उठला, काउतूच्या घरी गेला आणि म्हणाला, “राहू दे तू, बाउरो संध्याकाळपर्यंत परत येतोय.” काउतूला तेच हवं होतं. तो पुन्हा आडवा झाला.

आता चार माडांना कुणीच नव्हतं. दोन दिवस पोय तासली नाही तर तिचं तोंड सुकतं, आणि एकदा सुकलं की ती पोय गेलीच म्हणायची. म्हणजे कुणीतरी चढायलाच हवं होतं. तोआकाईने स्वतःच अडचण उभी केली आणि स्वतःच तिच्यातून सोडवणारा झाला. गेले तीन आठवडे तो घरामागच्या वाकड्या, ठेंगण्या माडावर गुपचूप सराव करत होता. डाव्या हाताने खोड कवटाळायचं, पाय खाचेत रोवायचे, उजवा हात नुसता छातीशी धरायचा. जमत होतं. ठेंगण्या माडावर जमलं म्हणजे उंच माडावरही जमेल, एवढंच त्याने धरून ठेवलं. भरलेल्या करवंट्या घेऊन खाली उतरायचं, घरोघर नीरा पोचवायची आणि कुणी हाताचं विचारलं की नुसतं हसायचं, असं सगळं त्याच्या मनात तयार होतं.

एक गोष्ट मात्र त्याला नियमाविरुद्ध करावी लागणार होती. माडावर चढणाऱ्याने गायचं असतं. शेंड्यात बसलेला माणूस खालच्यांना दिसत नाही, पण त्याला खालचं सगळं दिसतं. बायकांच्या अंघोळीच्या विहिरीभोवती झावळ्यांचा आडोसा असतो, त्याला छप्पर नसतं. म्हणून चढायला लागल्यापासून उतरेपर्यंत मोठ्याने गायचं, म्हणजे वर कोण आहे ते अख्ख्या गावाला कळतं आणि बायका तोवर थांबतात. न गाता चढणारा चोर तरी असतो, नाही तर चोरून बघणारा. प्रत्येकाचं गाणं वेगळं, आवाज वेगळा, आणि तोआकाईचा आवाज तर गावात सगळ्यांच्या ओळखीचा. त्याने तोंड उघडलं असतं तर तो माडाच्या निम्म्यावर असतानाच निम्मं गाव खाली जमलं असतं, आणि सगळ्यांत पुढे त्याची बायको तेरेतिया.

म्हणून त्याने न गाता चढायचं ठरवलं. वेळ भर दुपारची निवडली. त्या वेळी विहिरीवर चिटपाखरू नसतं. आधी उतरतो, मग गातो, असं तो मनाशी म्हणाला.

विहिरीवरच्या माडावर चढणं त्याला वाटलं होतं त्यापेक्षा फार जड गेलं. खाचा त्याच्या पायांना पाठ होत्या, पण दर खाचेला डावा हात खोडावरून सोडून वर सरकवायचा म्हणजे क्षणभर नुसत्या पायांवर आणि खोडाला टेकलेल्या कपाळावर तग धरायचा. निम्म्यावर तो खोडाला चिकटून दम खायला थांबला. एकदा त्याने खाली पाहिलं. पस्तीस वर्षांत त्याने खाली पाहिलं की आधी विहीर दिसायची, आज आधी जमीन दिसली.

पण तो पोचला. शेंड्यात झावळ्यांच्या बेचक्यात अंग टाकलं आणि त्याला अक्षरशः रडू आलं. तोच वारा, तीच वाकवून बांधलेली पोय, खाली खाडीचं हिरवं पाणी. बाउरोने सुंभ किती नीट गुंडाळलं होतं ते त्याने पाहिलं आणि मनातल्या मनात त्याला शाबासकीही दिली. पहिली पोय कमरेच्या उंचीवर होती, तिला उजव्या हाताने तासलं. पातळ चकती गळून पडली आणि थेंब धरला. दुसरी तासली. तिसरी पोय पलीकडच्या बाजूला होती, डोक्याच्या वर. डाव्या हाताने झावळी धरल्याशिवाय तिथे वाकता येत नव्हतं. म्हणजे तासायला उरला उजवा.

त्याने उजवा हात वर नेला. खांद्यापर्यंत गेला. तिथून पुढे त्याने झटका दिला, आणि सांध्यात आत काहीतरी कट्कन सरकलं.

कळ अशी आली की डोळ्यांपुढे अंधारी आली. कोयती त्याने कशीबशी झावळीच्या बुंध्यात खोचली. हात कोपरात वाकलेला, अंगापासून जरासा दूर, तसाच अडकला. ना वर, ना खाली. बोटं जड झाली. डाव्या हाताने झावळी घट्ट धरून तो नुसता श्वास घेत राहिला. जरा थांबलं की सुटेल, त्याने स्वतःला सांगितलं. तेवढ्यात खालून बायकांचं बोलणं ऐकू आलं.

मानेआबाचं, म्हणजे गावच्या सभेच्या मोठ्या घराचं, छप्पर नव्याने शाकारायचं काम चाललं होतं. सकाळपासून पानं शिवून धुळीने माखलेल्या तीन बायका आज लवकर विहिरीकडे निघाल्या होत्या.

त्याच क्षणी त्याने गायला हवं होतं. बायका अजून वाटेवर होत्या, गाणं ऐकून त्या हसत मागे फिरल्या असत्या. पण गायला तोंड उघडलं असतं तर कण्हणं बाहेर आलं असतं, आणि मग हाताचं कळलं असतं. पाणी भरून जातील, तो मनाशी म्हणाला. त्या पाणी भरून गेल्या नाहीत. लुगडी आडोशावर टाकल्याचा आवाज आला, बादली विहिरीत आपटली, आणि आता गायचं म्हणजे ‘मी इथे मघापासून आहे’ हे सांगण्यासारखंच होतं.

तोआकाईने डोळे गच्च मिटून घेतले. हे पुढे कुणी खरं मानलं नसतं, पण त्याने मिटले होते.

आवाज मात्र मिटता येत नाहीत. एक होती म्हातारी नेई बुआता, तिचा आवाज फुटक्या शंखासारखा. दुसरी रोतिया, शेजारच्या मोओतेची नवी बायको, चार महिन्यांपूर्वी दुसऱ्या बेटावरून आलेली. तिसरी तेरेतिया, त्याची स्वतःची बायको.

“आज बाउरो नाही ना गं?” बुआता म्हणाली. “मग हा विहिरीवरचा कोण काढणार?”

“काउतू,” तेरेतिया म्हणाली.

“मग कळेल की लगेच! त्याचं गाणं म्हणजे डुकराला पायाला धरून ओढल्यासारखं.”

रोतिया खुदकन हसली.

“हसू नकोस, तुझा नवरा तरी काय मोठा गवई आहे! आणि तेरे, तुझा दादला कधी चढतोय? माझ्या नातवाला त्याच्याच हातची नीरा गोड लागायची.”

बादली पुन्हा विहिरीत पडली. तेरेतियाने ती ओढून वर घेतली.

“तो नाही चढणार,” ती म्हणाली.

“अगं, तो तर म्हणतो पंधरा दिवसांत…”

“म्हणू दे. परवा आढ्यावरची चटई काढायला गेला. मी चुलीकडे तोंड करून बसले होते, त्याला वाटलं माझं लक्ष नाही. हात इथवर आला आणि थांबला. मग दुसऱ्या हाताने ढकलायला लागला. घामाघूम झाला. मी आपली चूल फुंकत बसले. पेटलेली चूल फुंकत होते मी.”

“मग सांगत का नाहीस त्याला तोंडावर?”

“काय सांगू? त्याच्यापाशी तेवढंच आहे. काएवाचं लग्न होऊन जाऊ दे एकदा, मग बघू.”

काएवा त्यांची मुलगी. तिची सोयरीक मारेवेच्या घरी ठरत आली होती, येत्या रविवारी मंडळी बोलणी पक्की करायला यायची होती. तोआकाई वर बसून हे सगळं ऐकत होता. हाताची कळ त्याने सोसली होती, हे मात्र त्याला सोसेना. बायकोला सगळं ठाऊक होतं. सात महिने ती त्याच्या थापा ऐकून मान डोलावत होती, लहान मुलाच्या खोट्या पराक्रमाला डोलावतात तशी. त्याला तिचा राग आला, अगदी मस्तकात जाईल असा. त्या भरात तो हलला, आणि खांद्याला टांगलेल्या करवंट्यांतली एक सुटली.

ती विहिरीच्या काठावर पडून फुटली. तिघींनी वर पाहिलं.

पुढचा गोंधळ काय सांगायचा! रोतिया किंचाळली, बुआता तर गावाला आग लागल्यासारखी ओरडली. शाकारणीवरचे पुरुष धावत आले. मोओते हातात वल्हं घेऊनच आला.

“खाली ये, बोक्या! ये खाली, तुझी तंगडीच तोडतो!”

“अरे, हा तर तोआकाई!” कुणीतरी म्हणालं.

तोआकाई उतरला. कुणाला वर येऊ दिलं नाही, एवढंच ओरडून सांगितलं, “उतरतो मी, बाजूला व्हा.” उतरायला त्याला किती वेळ लागला ते त्यालाच ठाऊक. डाव्या हाताने खोड कवटाळून, कपाळ खोडाला दाबून, एकेक खाच. कपाळाची साल गेली. खालच्यांना वाटलं, लाजेने तोंड लपवतोय. हाताकडे कुणी पाहिलं नाही, सगळे तोंडाकडे बघत होते. तेरेतिया ओल्या लुगड्यानिशी एका बाजूला उभी होती. ती तेवढी हाताकडे बघत होती.

मोओतेने वल्हं उगारलं तेव्हा नाकिबाए मध्ये पडला. गावातला सगळ्यांत वयस्कर माणूस तो, ऐंशीच्या पुढचा. “इथे नाही,” तो म्हणाला. “उद्या सकाळी मानेआबात.”

घरी आल्यावर तेरेतियाने खोबरेल तापवलं आणि काही न विचारता त्याचा खांदा चोळायला घेतला. बऱ्याच वेळाने सांधा आत सरकला आणि हात सुटून मांडीवर पडला.

“अडकला होतास ना?” ती म्हणाली.

“नाही.”

“मग काय बघत होतास? मला? पंचवीस वर्षं बघतोयस की.”

तो म्हणाला, “उद्या तिथे तू तोंड उघडायचं नाहीस. मी सांगणार, बघत होतो म्हणून.”

तेरेतियाचा हात थांबला. “डोकं फिरलं का तुझं?”

“नीट ऐक. बघत होतो म्हटलं की दंड होईल. एक डुक्कर देऊ, लोक वर्षभर तोंड वाकडं करतील, मग विसरतील. पण हात अडकला म्हटलं तर ते मला पुन्हा माडाला हात लावू देणार नाहीत. चारही माड बाउरोकडे जातील. मग ते परत येत नाहीत, तेरे.”

“आणि काएवा? चोरून बघणाऱ्याची पोर कोण घरात घेईल?”

“मारेवे माझा मित्र आहे.”

“तुला खरंच असं वाटतं?”

“आपण काढू दुसरी सोयरीक,” तो म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याला स्वतःलाच ते ऐकवलं नाही. तेरेतिया उठली आणि डुकराला खायला घालायला निघून गेली.

सकाळी मानेआबा भरला. ज्या त्या घराण्याने आपापल्या ठरलेल्या जागी चटया टाकल्या, म्हातारे पुढे, बायका मागे. अर्धं छप्पर नवं होतं, अर्धं जुनं, आणि मधल्या फटीतून ऊन थेट जमिनीवर पडत होतं. तोआकाई मधोमध बसला. उजवा हात त्याने मांडीवर असा ठेवला होता की तो कुणाला अवघडलेला दिसू नये.

“तोआकाई,” नाकिबाए म्हणाला, “तुझ्या बापाला मी माडावर गाताना ऐकलंय. तुलाही ऐकलंय. काल का गायला नाहीस?”

“चुकलं माझं, आजोबा.”

“चुकलं हे आम्हाला दिसतंच आहे. का, ते विचारतोय. पोय तासायला गेला होतास?”

“नाही.” त्याने एकदा मान खाली घातली, मग वर केली. “मी बघत होतो.”

मोओते उठला, त्याला दोघांनी खांद्याला धरून खाली बसवलं. रोतियाने तोंडावर पदर ओढला. म्हातारी बुआता मागून मोठ्याने म्हणाली, “मला बघत होतास, मेल्या? शंभर वर्षांची झाले मी!” कुणी हसलं नाही. मग मारेवेने, तोआकाईबरोबर लहानपणापासून मासेमारीला गेलेल्या मारेवेने, घसा साफ केला.

“विषय निघालाच आहे म्हणून सांगतो,” तो म्हणाला. त्याने तोआकाईकडे पाहिलं नाही. “आमचा मुलगा अजून लहान आहे. लग्नाची एवढी घाई नको, असं घरात सगळ्यांचं मत पडलं.”

काएवा मागे बायकांत बसली होती. तोआकाईने वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित त्याच्या तोंडून खरं निघालं असतं, आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

म्हाताऱ्यांनी डोकी जवळ आणली आणि कुजबुजले. निवाडा सांगायला नाकिबाएला फार वेळ लागला नाही. घरातलं सगळ्यांत मोठं डुक्कर शाकारणीच्या जेवणाला द्यायचं. वर्षभर सभेत शेवटी, दाराशी बसायचं. मोओतेची आणि तिन्ही बायकांची माफी मागायची. “माड तुझ्या बापाचे आहेत, ते आम्ही काढून घेत नाही,” तो म्हणाला. “पण यापुढे चढशील तेव्हा असा गा की पलीकडच्या गावात ऐकू जाईल.”

तोआकाईच्या छातीवरचं ओझं उतरलं. माड राहिले. पोरीचं लग्न मोडलं होतं, भर सभेत तोंड काळं झालं होतं, तरी माड राहिले म्हणून हा माणूस सुटकेचा श्वास टाकत होता. मला त्याचा राग येतो, आणि दयाही येते. त्याने माफी मागायला हात जोडले.

“थांबा जरा,” मागून आवाज आला.

तेरेतिया उभी राहिली होती. बायका सभेत बोलत नाहीत असं नाही, पण उभं राहून बोलल्याचं फारसं कुणाला आठवत नव्हतं.

“खाली बस,” तोआकाई म्हणाला.

“आजोबा, मला एकच मागायचं आहे. त्याला हात वर करायला सांगा. उजवा.”

“तेरे, खाली बस म्हणतो ना!”

“हात वर केला त्याने, की मी डुक्कर स्वतः कापून देते. नुसता वर करू दे. आढ्याकडे.”

नाकिबाएने तिच्याकडे पाहिलं, मग तोआकाईकडे. “कर बाबा,” तो म्हणाला. “एवढ्याने काय होतंय?”

तोआकाईने हात उचलला. मांडीवरून पोटापर्यंत, पोटापासून छातीपर्यंत, सगळ्यांच्या देखत, सावकाश. छातीवरून खांद्यापर्यंत आला. तिथे तो थांबला. त्याने दात आवळले. मानेची शीर तटतटली, कपाळावरच्या खरचटलेल्या जागेतून पुन्हा रक्त आलं. हात बोटभरही पुढे सरकला नाही.

मग मोओतेच्या तोंडून निघालं, “अरेरे…” आणि त्याने कपाळाला हात लावला.

“असं होय!” नाकिबाए म्हणाला. “म्हणजे वर अडकून पडला होतास तू! मग तसं सांग की, लेका! उगाच आम्हाला पापात घालत होतास.”

सगळ्या मानेआबातून सुटल्यासारखा श्वास निघाला. लोक हसायला लागले, मोकळं, मनापासून. बुआता म्हणाली, “तरी मी म्हणत होते, माझ्यात बघण्यासारखं काय आहे!” आणि आता मात्र सगळे खो खो हसले. मोओते उठून आला आणि तोआकाईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, “माफ कर, दादा. वल्हं उगारलं मी तुझ्यावर.” मारेवे मागे वळून तेरेतियाला म्हणाला, “रविवारी येतो आम्ही, ठरल्याप्रमाणे.” नाकिबाएने दंड रद्द केला, बसायची जागा परत दिली, आणि फार मायेने म्हणाला, “माडावर मात्र आता पाय ठेवायचा नाही, बाळा. आम्हाला तू जिवंत हवा आहेस. आजपासून चारही माड बाउरो बघेल. तू बैस आरामात, गप्पा मार आमच्यासारखा.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्या डोळ्यांत तोआकाईबद्दल नुसतं प्रेम होतं.

तोआकाईचा हात अजून तसाच होता, खांद्याच्या रेषेत. तो अजून वर रेटत होता.

“झालं, झालं,” नाकिबाए म्हणाला. “घे आता खाली.”

त्याने घेतला नाही. हसणं हळूहळू थांबलं. कुणाला कुठे बघावं ते कळेना. तेरेतिया बायकांतून वाट काढत पुढे आली, त्याच्या शेजारी चटईवर बसली आणि दोन्ही हातांनी तो हात धरून खाली आणायला लागली. तो तिच्याविरुद्ध जोर लावत होता, आणि त्या हातात तेवढाच जोर उरला होता.

“तू मारून टाकलंस मला,” तो हळूच म्हणाला.

“हो,” ती म्हणाली. तिने तो हात आपल्या मांडीवर घेतला आणि धरून ठेवला. “चल आता घरी.”